रोगी, वैद्य आणि कायदा : पुण्यातील एका अभ्यासाचा इतिहास

आरोग्य आणि वैद्यक यांच्या कायद्याचे पदव्युत्तर शिक्षण हा विषय मी कळविला, तेव्हा आमच्या हडपसरच्या मंडळींपैकी दोघांनी मला अडवून विचारले की, तुमची स्वतःची शाळा सातवीत सुटली, मग पदवीनंतरच्या शिक्षणाशी तुमचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर बोटाच्या एका पेरात आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

१९९५ साली आमच्या भागातील एका लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या एका तरुणाची उजव्या हाताची तर्जनी प्रेसखाली सापडली. शेडमध्ये माणसे दहाच्या आत, त्यामुळे ईएसआयचे छत्र त्याच्या डोक्यावर नव्हते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखालीच दावा लावावयाचा होता. त्या कायद्याच्या परिशिष्टात मनुष्याच्या देहाचे एक कोष्टक दिलेले होते. एका हाताची चारही बोटे गेली तर कमाईची शक्ती ५० टक्के गेली असे समजावयाचे, अंगठा गेला तर ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेली तर १४. तर्जनीचे एक पेर गेले तर ९ टक्के, आणि हाड न जाता नुसते टोक छाटले गेले तर ५. तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तथापि कोष्टक त्याच धर्तीचे पुढे चालू आहे.

आमच्या त्या पोराच्या दाखल्यावर डॉक्टरांनी 'बोटाचे टोक तुटले' एवढेच लिहिले होते. हाड गेले की राहिले, याचा उल्लेख नाही. क्ष-किरणाचे चित्र काढलेले होते, पण ते रुग्णालयाच्या कपाटात. मागावयास गेलो तर कारकुनाने सांगितले की, कागद रुग्णालयाचे आहेत, रोग्याचे नाहीत. पाच टक्के आणि नऊ टक्के यांतील अंतर त्या एका न लिहिलेल्या शब्दात अडकून पडले. आमच्या वकिलांना हाडाची माहिती नव्हती, डॉक्टरांना कोष्टकाची नव्हती, आणि मला दोहोंचीही नव्हती. त्या दिवसांत मी एक दोनशे पानी वही घातली, तिच्यात ते कोष्टक उतरून घेतले आणि प्रत्येक ओळीपुढे शरीराच्या त्या भागाचे मराठी नाव लिहिले. हे ज्ञान या शहरात कोठे शिकवितात, याची चौकशी मी तेव्हापासून करू लागलो.

चौकशीत पहिली गोष्ट आढळली ती अशी की, वैद्यक आणि कायदा यांची भेट आपल्या विद्यालयांत फार जुनी आहे, परंतु ती शवागारात झालेली आहे. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याला न्यायवैद्यक हा विषय पूर्वीपासून घ्यावा लागे. १९२० साली जयसिंग मोदी यांचा या विषयावरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ निघाला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या वकील व डॉक्टर तो वापरीत आले. त्यात विषे आहेत, जखमा आहेत, गळफास आणि बुडून मेलेले देह आहेत. मनुष्य मेला कसा, आणि त्याला मारले कोणी, हे पोलिसांना व न्यायाधीशांना सांगण्यासाठी ते शास्त्र. त्याची थोरवी मला नाकारावयाची नाही. परंतु खाटेवर पडलेला, श्वास घेणारा, डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहणारा जो मनुष्य, त्याचा हक्क काय, हा त्या शास्त्राचा मुख्य प्रश्नच नव्हता.

जिवंत माणसाच्या देहावरील कायद्याचा धडा पुण्याने शिकला तो वर्गाबाहेर, आणि पहिला धडा फार कडू होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्यात कलमे चार. सरकारला वाटेल ते उपाय योजण्याचा अधिकार एका कलमात, न ऐकणाऱ्यास शिक्षा दुसऱ्यात, आणि अखेरच्या कलमात असे की, या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. रोग्याने काय करावयाचे हे सारे त्यात होते. रोग्यासाठी मात्र एक ओळ नव्हती. त्याच साली प्लेग कमिटीचे प्रमुख म्हणून रँडसाहेब पुण्यात आले, सोल्जर घरांत शिरले, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी जे केले ते आपणांस ठाऊक आहे आणि त्यावर या व्यासपीठावर पुष्कळ बोलून झाले असेल.

मला त्या सालातली दुसरी एक गोष्ट अधिक बोधक वाटते. नामदार गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून मित्रांची पत्रे गेली, त्यांच्या आधारे त्यांनी तेथील वर्तमानपत्रात प्लेगच्या सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप प्रसिद्ध केला. परत आल्यावर आरोप सिद्ध करण्याची वेळ आली, तेव्हा पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करता येईनात आणि पुरावा उभा राहीना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्याबद्दल त्यांना आपल्याच लोकांचे बोल आयुष्यभर ऐकावे लागले. जुलूम झाला नव्हता असे त्यावरून कोणीही म्हणणार नाही. कागद नव्हता, साक्ष देणारा पुढे येत नव्हता, एवढेच त्यावरून निघते. रोग्याच्या बाजूने उभा राहणारा मनुष्य कोठे अडतो, हे पुण्याला १८९७ सालीच कळावयास हवे होते.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, ससून रुग्णालयात एका कैद्याच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. कैदी म्हणजे महात्मा गांधी. येरवड्याच्या तुरुंगात त्यांना आंत्रपुच्छाचा विकार झाला होता. मुंबईचे त्यांच्या विश्वासातील डॉक्टर वेळेवर मिळेनात आणि थांबणे धोक्याचे होते. शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक हे इंग्रज सरकारचे चाकर. काही विपरीत घडले असते तर देशात कोणता वणवा पेटला असता, हे दोन्ही बाजूंना दिसत होते. म्हणून भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री यांना बोलावून घेण्यात आले आणि एक निवेदन तयार झाले. डॉक्टरांनी आपणांस रोगाची कल्पना दिली आहे, आपल्या पसंतीचे वैद्य बोलावण्याची मुभा दिली होती, त्यांच्यावर आपला विश्वास आहे आणि शस्त्रक्रियेला आपली संमती आहे, अशा आशयाचे ते निवेदन होते. गांधीजींनी गुडघे वर घेऊन त्यावर पेन्सिलीने सही केली. हात कापत होता. पुढे शस्त्रक्रिया चालू असताना विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. विजेपेक्षा तो पेन्सिलीचा कागद माझ्या दृष्टीने मोठा आहे. आज शस्त्रक्रियेपूर्वी आपल्यापुढे जे छापील संमतिपत्र सरकवितात, त्यात जे असावयास पाहिजे ते बहुतेक सारे त्या कागदात होते : रोग्याला सांगितले गेले, त्याला पर्याय दिला गेला, आणि मग त्याने होकार दिला. आमच्या छापील कागदावर मात्र होकार तेवढा असतो. २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला हेच पुन्हा सांगावे लागले की, तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे गर्भाशय काढून टाकण्याची संमती नव्हे.

हे १९२४ साल मोठे विलक्षण आहे. जानेवारीत ससूनमधील ते संमतिपत्र. १ जुलैला कामगार नुकसानभरपाईचा कायदा अमलात आला. आणि त्याच वर्षी पुण्यात लॉ कॉलेज निघाले. तिन्ही गोष्टी एका सालात. परंतु एकीने दुसरीची ओळख करून घेतली नाही. ससूनच्या आवारातील वैद्यक विद्यालय आणि लॉ कॉलेज यांच्यात अंतर तीन-चार मैलांचे. ते ओलांडण्यास पुण्याला साठ-सत्तर वर्षे लागली.

ते अंतर ज्या खटल्याने प्रथम मोजून दाखविले, त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगतो. आज हिंदुस्थानात वैद्यकीय कायदा शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा खटला वाचावा लागतो, आणि तो आपल्या पुण्याचा आहे, हे पुण्यात फार थोड्यांना ठाऊक आहे. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले असे त्याचे नाव.

६ मे १९५३ रोजी, सूर्यास्ताच्या सुमारास, रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या पुळणीवर आनंद गोडबोले या वीस वर्षांच्या मुलाला अपघात होऊन त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. घर तेथून दीड मैलावर. खाट आणून त्याला घरी नेईपर्यंत रात्र झाली. गावच्या डॉक्टरांनी लाकडाच्या फळ्या बांधून पाय स्थिर केला आणि दुसऱ्या दिवशी, पुण्यास न्या, असा सल्ला दिला. रात्री एक वाजता टॅक्सी निघाली. मुलाला आडवे टेकवलेले, बरोबर आई आणि गावचे डॉक्टर. दोनशे मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी सकाळी साडेअकरा वाजता ते पुण्यास पोहोचले. वडील दौंडला वैद्यकीचा व्यवसाय करीत. तेही येऊन मिळाले. प्रथम ताराचंद रुग्णालयात पाय पाहिला गेला, नंतर डॉ. जोशी यांच्या रुग्णालयात मुलाला दाखल करण्यात आले. मॉर्फियाचे एक इंजेक्शन दिले गेले, क्ष-किरणाची दोन चित्रे निघाली, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत पाय प्लॅस्टरमध्ये बसविण्यात आला. साडेपाचला मुलगा खोलीत परत आला. सात वाजेपर्यंत गुंगी उतरेल असे आश्वासन मिळाल्यामुळे वडील दौंडला परतले. साडेसहाला आईच्या लक्षात आले की, मुलाला श्वास घेता येत नाही. डॉक्टर धावून आले, उपचार चालू झाले. रात्री नऊ वाजता आनंद गेला.

मृत्यूच्या दाखल्यात, मोडलेल्या हाडातील चरबी रक्तात शिरल्याने मृत्यू आला, असे कारण देण्यात आले. आईबापांचे म्हणणे असे की, पुरेशी भूल न देता, माणसे लावून, बेसुमार जोराने पाय ओढून हाड बसविण्यात आले, आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला. डॉक्टरांचे म्हणणे असे की, रोग्याची अवस्था पाहून आपण हाड बसविण्याचे काम पुढे ढकलले होते आणि पाय केवळ स्थिर केला होता. दोन्ही बाजूंनी डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, वैद्यकाच्या ग्रंथांचा काथ्याकूट झाला. पुण्याच्या दिवाणी न्यायालयाने आईबापांचे म्हणणे ग्राह्य धरले आणि ३,००० रुपये देवविले. उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. डॉक्टर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथे २ मे १९६८ रोजी न्यायमूर्ती शेलत यांनी निकाल दिला व अपील फेटाळले. मुलाच्या मृत्यूला पंधरा वर्षे पुरी होण्यास तेव्हा सात दिवस कमी होते.

त्या निकालात वैद्याची तीन कर्तव्ये सांगितलेली आहेत. रोगी आपण हाती घ्यावा की नाही, हे ठरविताना काळजी घेणे हे पहिले. कोणता उपचार करावा, हे ठरविताना काळजी घेणे हे दुसरे. आणि तो उपचार करताना काळजी घेणे हे तिसरे. यांपैकी कोणत्याही ठिकाणी चुकल्यास रोग्याला दाद मागता येईल. सर्वोत्तम कौशल्य न्यायालयाने मागितले नाही, वाजवी कौशल्य मागितले. सामान्य मनुष्याला समजेल इतके हे सोपे आहे, आणि पुढच्या खटल्यांतून न्यायाधीश याच निकालाकडे वळत आले.

आता यात एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकांत ठळकपणे कोणी लिहीत नाही. आनंदचे वडील स्वतः डॉक्टर होते. काय विचारावयाचे ते त्यांना कळत होते. मॉर्फिया किती, भूल कोणती, दाखल्यातील कारण पटण्याजोगे आहे की नाही, हे प्रश्न त्यांच्या मनात उठू शकत होते. तोच मुलगा हमालाचा असता तर? बापाने कपाळावर हात मारून घेतला असता, आणि हिंदुस्थानच्या वैद्यकीय कायद्याला त्याच्या पायाचा दगड मिळाला नसता. कायद्याचे जे तत्त्व सर्वांसाठी म्हणून निर्माण झाले, ते ज्याला दोन्ही भाषा येत होत्या अशा एका बापामुळे निर्माण झाले.

विलायतेत याच सुमारास असाच एक प्रश्न उठला होता. १९५४ साली जॉन बोलॅम नावाच्या मनोरुग्णाला विजेचे झटके देताना त्याचे नितंबाचे सांधे मोडले. १९५७ साली तेथे निकाल लागला तो रुग्णालयाच्या बाजूने : जाणत्या डॉक्टरांचा एक वर्ग ज्या रीतीला योग्य मानतो तिला अनुसरून वागलेला डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. या तत्त्वाचा गाजावाजा जगभर झाला. आमच्या न्यायालयांनीही ते उचलून धरले. तथापि त्या देशाने एक गोष्ट लवकर केली. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात वैद्यकीय कायदा व नीती यांच्या अभ्यासाचे केंद्र निघाले, आणि ते स्थापन करणाऱ्या इयन केनेडी यांनी १९८० साली बी.बी.सी.च्या रीथ व्याख्यानांतून डॉक्टरांच्या सत्तेचा प्रश्न थेट नभोवाणीवर, म्हणजे घरोघर, नेला. व्याख्यानमालेने असे काम करता येते, हे आपणांसारख्या श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्याकडे खटले होत राहिले आणि वर्ग निघाले नाहीत. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी प्रसूतिगृहात चंद्रिकाबाई नावाच्या बाळंतिणीवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहून गेला. जुलैच्या १३ तारखेला शस्त्रक्रिया, २४ ला मृत्यू. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये देवविले, उच्च न्यायालयाने सरकारला जबाबदारीतून मोकळे केले, आणि सर्वोच्च न्यायालयाने मूळ निकाल पुन्हा जिवंत केला तो १९९६ साली. पोटात टॉवेल राहिला, यात सिद्ध करावयाचे तरी काय राहिले होते? तरी तेहतीस वर्षे गेली.

वर्ग निघण्यास निमित्त झाले ते निराळेच. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. डॉक्टरांची सेवा त्यात येते की नाही, हा वाद नऊ वर्षे चालला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्यात येते, असा निर्णय दिला. तेव्हा एकाएकी डॉक्टरांना कायद्याची गोडी लागली. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने वैद्यकीय कायदा व नीती यांची पदव्युत्तर पदविका पत्रद्वारे शिकविण्याची सोय केली. पुण्यात सिंबायोसिसने वैद्यकीय-कायदेशीर व्यवस्थेची पदव्युत्तर पदविका काढली. डॉक्टर आणि वकील एका बाकावर बसू लागले, ही गोष्ट चांगलीच झाली. भीतीपोटी झाली म्हणून ती वाईट ठरत नाही.

डॉक्टरांना या अभ्यासाची गरज नाही, असे मी म्हणणार नाही. निवासी डॉक्टर छत्तीस-छत्तीस तास उभे असतात आणि परिचारिकांना नातेवाइकांचा मार खावा लागतो. तेही श्रम करणारे लोक आहेत. २००५ साली जेकब मॅथ्यू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जाणत्या डॉक्टरचे मत घेतल्याखेरीज डॉक्टरवर फौजदारी लावू नये. मला ते योग्य वाटते. माझी तक्रार दुसरी आहे. या वर्गांत बसलेले जे दहा-पंधरा विद्यार्थी मला आजवर भेटले, त्यांत डॉक्टर होते, रुग्णालयांचे व्यवस्थापक होते, विमा कंपनीचे अधिकारी होते. कामगार संघटनेकडून आलेला एकही नव्हता. म्हणजे ज्यांच्यावर दावा होण्याचा संभव आहे ते शिकून तयार झाले, आणि दावा करणारा होता तेथेच राहिला.

कामगाराच्या बाजूने शिकण्यासारखे थोडे नाही. ईएसआयचे रुग्णालय फुकट आहे, म्हणून तेथील रोगी ग्राहक नव्हे, असे आम्हांला कित्येक वर्षे ऐकविले जात असे. २००७ साली किशोरीलाल नावाच्या विमेदाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पगारातून वर्गणी कापली जाते, तेव्हा ही सेवा फुकट नव्हे, आणि विमेदार ग्राहक आहे. आमच्या हडपसर औद्योगिक वसाहतीत ही बातमी मला स्वतःला दोन वर्षे उशिरा कळली. दोन वर्षांत किती कागद आम्ही 'काही होणार नाही' म्हणून फाईलला लावून ठेवले असतील, याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही.

त्या तर्जनीचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. दावा चालू असतानाच, १९९६ मध्ये, रहेजा यांच्या प्रकरणातील मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाचे कात्रण एकाने मला आणून दिले : रोग्याला त्याच्या उपचाराचे कागद नाकारता येणार नाहीत. पुढे २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांत तर मुदतच घातली गेली; मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे, आणि दाखल रोग्याचे कागद तीन वर्षे जपून ठेवावे. आमच्या वेळी ७२ तास नव्हते. कात्रण दाखवून, अर्ज करून, शेवटी नुकसानभरपाईच्या आयुक्तांकडून कागद मागवून घ्यावे लागले. क्ष-किरणाचे चित्र आले. पहिल्या पेराचे हाड गेलेले त्यात स्वच्छ दिसत होते. नऊ टक्के मिळाले. चित्र खिडकीकडे धरून आयुक्तांसमोर ते हाड दाखविणारे डॉक्टर आमच्या विनंतीवरून फी न घेता आले होते. आणि तेथून निघताना त्यांनी मला विचारले की, ते कोष्टक मला एकदा उतरवून द्याल का?

मला या पदविकेच्या वर्गात प्रवेश मिळणार नाही, कारण त्याला पदवी लागते. तो नियम गैर आहे असे मी म्हणत नाही. गेल्या वर्षी आमच्या संघटनेच्या कमिटीत मी ठराव मांडला की, दरवर्षी एका माणसाची फी संघटनेने भरावी. दोघांनी विरोध केला. संपाच्या निधीतून शिक्षणाचे पैसे द्यावयाचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. तासभर वाद झाला, आणि निधी वेगळा उभारण्याच्या अटीवर ठराव संमत झाला. पहिली निवड झाली ती एका लेथ ऑपरेटरच्या मुलीची. ती कायद्याची पदवीधर आहे. माझी दोनशे पानी वही ती दिवाळीत घेऊन गेली, आणि त्यातली दोन मराठी नावे चुकलेली आहेत, असे तिने मला कळविले आहे.